दहावीनंतर ६ वर्षे: डिप्लोमातून डिग्रीकडे जाण्याचा हिशेब

दहावीनंतर अकरावी-बारावी करून इंजिनिअर व्हायला २ अधिक ४, म्हणजे ६ वर्षे लागतात. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तर ३ अधिक ३, म्हणजे तेवढीच ६ वर्षे लागतात. दोन वाटांच्या कालावधीतला फरक शून्य आहे. कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडून केआयटी, डी. वाय. पाटील, वारणानगर किंवा इचलकरंजीच्या डीकेटीईत दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या घरात हा शून्य महत्त्वाचा ठरतो. वाट बदलली म्हणून घरात पहिला पगार यायला एक वर्षही उशीर होत नाही. वर कॉलेजची फी ४ ऐवजी ३ वर्षे भरावी लागते, म्हणजे भरायच्या वर्षांत २५ टक्के घट होते.

कॉलेज बदलूनही वर्ष वाया न जाणे, हे सगळीकडे गृहीत धरता येत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी धरलीच गेली नाहीत. सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांचा तोटाही ३७ टक्के होता. दोन वर्षांत ६० क्रेडिट जमवून निघालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ४३ टक्के म्हणजे सुमारे २६ क्रेडिट होतात. एका सत्राला १५ क्रेडिट धरली, तर ही तूट जवळजवळ २ सत्रांची, म्हणजे वर्षभराची आहे.

कोल्हापूरच्या वाटेवर हे नुकसान नियमानेच टळले आहे. तरीही दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणे आणि तीन वर्षांनी पदवी हातात पडणे, या दोन गोष्टींत अंतर राहते. ते अंतर कशाने पडते आणि कशाने कमी होते, हे पाहण्यासाठी दोन रस्ते शेजारी ठेवू. पहिला रस्ता अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजातून कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांकडे जातो. दुसरा कोल्हापूर संस्थानाने १९०१ पासून बांधला.

१०० निघतात, १६ पोहोचतात

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, कमी फीचे, घराजवळचे सरकारी कॉलेज. तिथे प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी आपल्याला पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची आहे असे सांगतात. २०१५ च्या शरद ऋतूत शिक्षण सुरू केलेल्या तुकडीचा हिशेब फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३१.६ टक्के विद्यार्थी चार वर्षांच्या कॉलेजात गेले. गेलेल्यांपैकी ४९.७ टक्क्यांनी सहा वर्षांच्या आत पदवी घेतली. दोन्हींचा गुणाकार सुमारे १६ टक्के येतो.

१०० विद्यार्थ्यांचा विचार केला तर ८० जणांना पदवी हवी असते, ३२ जण कॉलेज बदलतात आणि १६ जण पदवीधर होतात. न पोहोचलेल्या ८४ जणांपैकी ६८ जण पहिल्याच कॉलेजात थांबले. उरलेले १६ जण दार ओलांडून आत गेल्यावर थांबले. दुसरा आकडा पहिल्याहून लहान आहे, पण त्याची किंमत जास्त आहे. या १६ जणांनी प्रवेश घेतला होता, फी भरली होती, गाव सोडले होते.

हाच हिशेब गटांनुसार मांडला की सरासरीमागचा फरक दिसतो. पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांत ११ टक्के, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत ९ टक्के आणि पंचविशी ओलांडून शिकायला आलेल्यांत ६ टक्के आहे. एकूण १६ आणि कृष्णवर्णीय ९, म्हणजे दर १०० मागे ७ पदव्यांचा फरक.

इथे कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक महाविद्यालये आणि विद्यापीठे येतात. १९६५ च्या अमेरिकी उच्च शिक्षण कायद्याने त्यांची व्याख्या केली. १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हाच मुख्य हेतू असलेली संस्था या व्याख्येत बसते. सर्वांत जुनी चेनी, १८३७ ची. हॉवर्ड १८६७ ची, टस्कीगी १८८१ ची. आज अशा संस्था सुमारे १०० आहेत. १९७६ मध्ये त्यांत २ लाख २३ हजार विद्यार्थी होते, २०१० मध्ये ३ लाख २७ हजार झाले आणि २०२२ मध्ये २ लाख ८९ हजारांवर आले. १२ वर्षांत ३८ हजारांची घट झाली.

घट आकारात आहे, कामात तेवढी नाही. १९७६ मध्ये देशातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी १८ टक्के या संस्थांत शिकत होते. अलीकडे हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आहे. पण २०२१-२२ मध्ये कृष्णवर्णीयांना मिळालेल्या पदव्यांपैकी १३ टक्के याच संस्थांनी दिल्या. ९ टक्क्यांच्या हिशेबात दोन वर्षांच्या कॉलेजांतील विद्यार्थीही धरलेले आहेत, त्यामुळे ९ आणि १३ यांची तुलना जपून करावी लागते. तरीही पदव्यांतला वाटा विद्यार्थ्यांतल्या वाट्याहून कमी नाही, एवढे निश्चित म्हणता येते. आणखी एक आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. या संस्थांत २०२२ मध्ये २४ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय नव्हते. १९७६ मध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. एका समाजासाठी उघडलेले दार इतरांनाही कामी आले.

या विद्यापीठांकडे जाण्याची हमी मोठ्या प्रमाणावर देणारे एक राज्य कॅलिफोर्निया आहे. तिथे ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि यादीतील कृष्णवर्णीय विद्यापीठ एकही नाही. मार्च २०१५ मध्ये राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांनी इतर राज्यांतील अशा ९ संस्थांशी करार केला. आता ही संख्या ३५ हून अधिक आहे. ठरावीक क्रेडिट आणि ठरावीक गुण मिळवले, तर प्रवेश निश्चित. घर सोडून हजारो किलोमीटर दूर जायचे, तर प्रवेशाची खात्री आधी हवी, हे या कराराचे सूत्र आहे.

१५ महिने आधी

कोल्हापूर संस्थानात १८९४ मध्ये, शाहू महाराज गादीवर आले त्या वर्षी, सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. हे प्रमाण ८४.५ टक्के होते. कारकुनीच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे १० होत्या, म्हणजे २ टक्के. १९१२ मध्ये अधिकारपदे ९५ झाली आणि ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले, म्हणजे ३६.८ टक्के. उरलेल्यांची संख्या ११ वरून ६० वर गेली. १८ वर्षांत साडेपाच पट.

या बदलाचे श्रेय सहसा एका तारखेला दिले जाते. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी किमान ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा आदेश निघाला. पण त्याच्या आधीची एक तारीख तितकीच मोलाची आहे. एप्रिल १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. विद्यार्थ्याला राहायला जागा आधी आणि नोकरीत राखीव जागा १५ महिन्यांनी, असा हा क्रम आहे.

क्रमामागे कारण होते. संस्थानाने १८९६ मध्ये सर्व जातींसाठी म्हणून राजाराम वसतिगृह उघडले. काही वर्षांतच त्यात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य झाले. दार सर्वांना उघडे होते, पण दारापर्यंत येण्याइतके शिक्षण आणि घरचा आधार एकाच वर्गाकडे होता. त्यानंतर ज्या त्या समाजासाठी वेगळे बोर्डिंग काढण्याचे धोरण आले. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, ख्रिस्ती, चांभार-ढोर, नाभिक अशी यादी वाढत गेली आणि महाराजांच्या हयातीत, म्हणजे १९२२ पर्यंत, ती विसाच्या घरात पोहोचली. सरासरी काढली तर साधारण वर्षाला एक बोर्डिंग.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी विद्यापीठे निघाली, कोल्हापुरात समाजासमाजांसाठी बोर्डिंगे निघाली. एकीकडे वर्गच वेगळा होता. इकडे कॉलेज एकच होते आणि राहण्या-जेवण्याची सोय वेगळी होती. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० पासून होते. गाव आणि राजाराम कॉलेज यांच्या मधली पायरी बोर्डिंगने बांधली.

पुढची पायरी याच बोर्डिंगांपैकी एकात राहिलेल्या विद्यार्थ्याने बांधली. कुंभोजमध्ये १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून कोल्हापुरात शिकले. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे बोर्डिंग काढले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. जातवार बोर्डिंगपासून सर्व जातींच्या बोर्डिंगपर्यंतचे अंतर २३ वर्षांचे आहे. बोर्डिंगनंतर २३ वर्षांनी, १९४७ मध्ये, रयतचे पहिले महाविद्यालय साताऱ्यात निघाले आणि काम करून शिकण्याची सोय तिथे कॉलेजपर्यंत आली. रयतच्या वाटेवरही राहण्याची सोय आधी झाली आणि कॉलेज नंतर आले.

महाराष्ट्रात कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या संस्था डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे, औरंगाबादचे मिलिंद कॉलेज १९५० चे. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी करावी लागे. त्याच १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. डू बॉइस स्वतः फिस्क या कृष्णवर्णीय विद्यापीठाचे पदवीधर होते. दोन रस्त्यांना एकमेकांची माहिती होती.

६० जागांमागे ६

आजच्या कोल्हापूरकडे येऊ. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले तेव्हा ३४ संलग्न महाविद्यालये आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी होते. कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून आज महाविद्यालये २८० च्या आसपास आणि विद्यार्थी अडीच लाखांहून अधिक आहेत. महाविद्यालये ८ पट झाली, विद्यार्थी जवळजवळ १८ पट. तेव्हा एका महाविद्यालयामागे सुमारे ४१० विद्यार्थी होते, आता ८९० च्या पुढे आहेत. महाविद्यालये वाढली, पण त्यांहून वेगाने विद्यार्थी वाढले.

देशाचा कलही तोच आहे. २०२०-२१ मध्ये उच्च शिक्षणात ४ कोटी १४ लाख विद्यार्थी होते, २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाख झाले. वाढ ४.६ टक्के. अनुसूचित जातींचे विद्यार्थी ५८ लाख ९५ हजारांवरून ६६ लाख २३ हजारांवर गेले. वाढ १२.३ टक्के. एकूण वाढीतील दर १०० विद्यार्थ्यांमागे सुमारे ३९ अनुसूचित जातींचे होते. नव्याने आलेल्यांत पहिल्या पिढीचे विद्यार्थी वाढत आहेत, असा याचा अर्थ लावता येतो. डिप्लोमाची वाट अशा घरांना जवळची वाटते, कारण दहावीनंतर तीन वर्षांत हातात असे प्रमाणपत्र पडते ज्यावर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी मागता येते.

डिप्लोमातून डिग्रीला जाण्याच्या या प्रवेशाला विद्यार्थी डीएसई म्हणतात, म्हणजे डायरेक्ट सेकंड इयर. नियम मोजके आहेत. डिप्लोमात किमान ४५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के. सीईटी नाही. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते आणि प्रवेश कॅप राउंडमधून होतो. जागा दोन ठिकाणांहून येतात. मंजूर क्षमतेच्या १० टक्के जागा जादा दिल्या जातात आणि पहिल्या वर्षी न भरलेल्या जागा त्यांत मिळवल्या जातात.

६० क्षमतेच्या शाखेत १० टक्के म्हणजे ६ जागा. आरक्षणाची टक्केवारी लावली की या ६ जागा अशा वाटल्या जातात: इतर मागास वर्ग १९ टक्के म्हणजे १.१४, अनुसूचित जाती १३ टक्के म्हणजे ०.७८, अनुसूचित जमाती ७ टक्के म्हणजे ०.४२. भटक्या-विमुक्तांच्या चार गटांना अनुक्रमे ३, २.५, ३.५ आणि २ टक्के, म्हणजे ०.१८, ०.१५, ०.२१ आणि ०.१२. या गटांची बेरीज बरोबर ३ जागा, म्हणजे ५० टक्के. टक्केवारीत प्रत्येक गट आहे, जागांत नाही. अपूर्णांकाचा पूर्णांक करताना कुणाच्या वाट्याला एक जागा येते, कुणाच्या वाट्याला एकही येत नाही. २ टक्क्यांच्या गटाला जादा जागांतून पूर्ण १ जागा मिळायची, तर शाखेची मंजूर क्षमता ५०० हवी.

त्यामुळे खरा फरक दुसऱ्या स्रोताने पडतो. एखाद्या ६० जागांच्या शाखेत पहिल्या वर्षी २० जागा रिकाम्या राहिल्या, तर डीएसईसाठी २६ जागा होतात. एकही रिकामी राहिली नाही, तर ६. म्हणजे हे दार त्या शाखेत रुंद होते, जिथे बारावीच्या विद्यार्थ्यांची मागणी कमी असते, आणि तिथे अरुंद राहते, जिथे ती जास्त असते. ऑप्शन फॉर्म भरणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ओळीओळीने कॉलेज आणि शाखेचे सांकेतिक क्रमांक असतात. एका ओळीमागे ६ जागा आहेत की २६, हे त्याच्या गुणांवर ठरत नाही. आदल्या वर्षी बारावीच्या मुलांनी काय निवडले, त्यावर ठरते.

डिप्लोमाच्याही खालून एक वाट येते. आयटीआयची दोन वर्षे केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याचा हिशेब २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७ वर्षे. फिटर म्हणून सुरुवात केलेल्या मुलाला पदवीपर्यंत पोहोचायला बारावीच्या वाटेपेक्षा १ वर्ष जास्त लागते. ४३ टक्के क्रेडिट गमावण्याची किंमतही जवळजवळ एवढीच आहे.

४ सत्रांचा खंड

कालावधी वाचला, जागा मिळाली. आता वर्गात काय होते ते पाहू. डीएसईच्या मुलांत एका विषयाचे नाव सर्वांत जास्त ऐकू येते: एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर. तो बहुतेक शाखांत पदवीच्या तिसऱ्या सत्रात, म्हणजे डीएसईच्या विद्यार्थ्याच्या पहिल्याच सत्रात असतो.

डिप्लोमात गणिताचे पेपर बहुतेक शाखांत पहिल्या दोन सत्रांत संपतात. उरलेल्या ४ सत्रांत, म्हणजे २ वर्षे, स्वतंत्र गणित नसते. बारावीच्या वाटेने आलेला शेजारचा विद्यार्थी एम-वन आणि एम-टू लगेच आधीच्या दोन सत्रांत करून आलेला असतो. एकाचा खंड ४ सत्रांचा, दुसऱ्याचा शून्य. शिवाय एम-वन आणि एम-टू डीएसईच्या विद्यार्थ्याने केलेलेच नसतात. लाप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी इंटिग्रेशनची सवय दोन वर्षे मोडलेली असते.

याची दुसरी बाजूही आहे. वर्कशॉप, ड्रॉइंग आणि कारखान्यातील प्रशिक्षण यांत डिप्लोमाचा विद्यार्थी पुढे असतो. उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये लेथवर काम केलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात नवे काही वाटत नाही. अडचण पात्रतेची नाही, मधे पडलेल्या खंडाची आहे. खंड भरण्यासाठी ब्रिज कोर्सची तरतूद आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की सत्र सुरू झाल्यावर आलेल्या मुलांच्या वाट्याला तो तुकड्यातुकड्यांत येतो. कॅलिफोर्नियातला करार प्रवेशाची हमी आधी देतो, त्यामुळे विद्यार्थ्याला तयारीला वेळ मिळतो. आपल्याकडे डिप्लोमाचे बहुतेक अभ्यासक्रम एकाच मंडळाचे, सबंध राज्याला समान आहेत. पाचव्या आणि सहाव्या सत्रात ऐच्छिक गणित ठेवले, तर ४ सत्रांचा खंड २ वर येईल, आणि त्यासाठी एकाच मंडळाने निर्णय घ्यायचा आहे.

दिवसाला ९३ रुपये

फीच्या बाबतीत हिशेब सुधारला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के सवलत मिळाली. आदल्या वर्षीपर्यंत शिक्षण शुल्काची सवलत सर्वसाधारणपणे ५० टक्के होती. चंदगडच्या मुलीच्या कॉलेजच्या फीचा निम्मा भार उरला होता, तोही गेला.

राहणे-जेवणे त्यात येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे, म्हणजे रोज एसटीने जाऊन-येऊन शिकता येत नाही. गडहिंग्लज, आजरा, भुदरगड, गगनबावडा इथल्या मुलींनाही प्रात्यक्षिके संपवून संध्याकाळची एसटी गाठावी लागते. फी शून्य झाल्यावर घरच्या खर्चात उरतो तो जवळजवळ सगळा भाग खोली आणि मेसचा.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार, कोल्हापूरसारख्या इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि उरलेल्या ठिकाणी ४३ हजार रुपये, अशी मूळ निर्णयाची रचना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी आधार या योजना याच धर्तीवर आहेत.

५१ हजारांची फोड अशी: भोजन २८ हजार, निवास १५ हजार, निर्वाह ८ हजार. शैक्षणिक वर्ष १० महिन्यांचे धरले, तर भोजनाचे महिन्याला २,८०० रुपये होतात, म्हणजे दिवसाला ९३ रुपये आणि एका जेवणाला जवळजवळ ४७ रुपये. निवासाचे महिन्याला १,५०० रुपये. हे पैसे बँक खात्यात हप्त्याने येतात, मेसचे बिल मात्र दर महिन्याला येते. राजारामपुरीत किंवा विद्यापीठ रस्त्यावर खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला १,५०० रुपयांत काय मिळते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ही रक्कम देणे गरजेचे आहे, पण ती खाटेची जागा घेऊ शकत नाही. १९०१ मध्ये संस्थानाने विद्यार्थ्याच्या हाती रक्कम दिली नव्हती, इमारत आणि तिच्या खर्चाला उत्पन्न दिले होते.

५० टक्क्यांची अट

इंजिनिअरिंगच्या बाहेर, कला-वाणिज्य-विज्ञान शाखांत, कॉलेज बदलण्याचा नवा नियम क्रेडिटचा आहे. राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. पहिल्या वर्षाची ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीची १२० ते १३२ क्रेडिट. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ती ७ वर्षांपर्यंत जमा राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेली असावीत, ही अट आहे.

याचा अर्थ असा की, दुसऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात ४४ क्रेडिट जमवून कोल्हापुरात आलेल्या विद्यार्थिनीला १३२ पैकी एक तृतीयांश काम सोबत आणता येते. अट मोडत नाही, कारण उरलेली दोन तृतीयांश क्रेडिट ती नव्या कॉलेजात मिळवणार आहे. दोन वर्षांनी, ८८ क्रेडिट घेऊन ती आली, तर नव्या कॉलेजात ४४ उरतात, म्हणजे ३३ टक्के, आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी अट पूर्ण होत नाही. बदल करायचा असेल, तर तो दीड वर्षाच्या आत करायला हवा, असे हा आकडा सांगतो. घरात आजारपण आले, लग्न झाले, नोकरी लागली म्हणून थांबलेल्या मुलीसाठी ७ वर्षांची मुदत ही या नियमातली सर्वांत उपयोगी तरतूद आहे. अमेरिकेत पंचविशीनंतर शिकायला आलेल्यांत पदवीचे प्रमाण ६ टक्के आहे. थांबून परत आलेल्यांची ही वाट आपल्याकडे रुंद ठेवायला आत्ताच सुरुवात करता येईल.

तीन आकडे

राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाकडे, म्हणजे एनबीएकडे, अर्ज करणारे प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या अहवालात पहिल्या वर्षाला आलेले विद्यार्थी एका रकान्यात आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेले दुसऱ्या रकान्यात लिहिते. यशाचे प्रमाण काढताना मात्र दोन्ही रकान्यांची बेरीज छेदात जाते. नोंदी वेगळ्या आहेत, निकाल एकत्र आहे. कच्ची आकडेवारी कॉलेजच्या कार्यालयात तयारच असल्याने ती वेगळी करून सांगायला नवे सर्वेक्षण लागत नाही.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला प्रत्येक कॉलेजबद्दल तीन आकडे कळायला हवेत. पहिला, गेल्या वर्षी या शाखेत डीएसईच्या जागा किती होत्या आणि त्यांपैकी रिकाम्या जागांतून आलेल्या किती. दुसरा, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाला आलेल्या १०० जणांपैकी किती जण वेळेत पदवीधर झाले. तिसरा, बाहेरगावच्या १०० विद्यार्थ्यांमागे वसतिगृहात किती खाटा आहेत. पहिल्या आकड्याने प्रवेशाची शक्यता कळते, दुसऱ्याने पदवीची, आणि दुसरा आकडा तसा का आला याचा बराचसा उलगडा तिसरा करतो.

अमेरिकेने ८०, ३२ आणि १६ हे आकडे मोजले, गटवार मांडले आणि ९ हा आकडाही छापला. त्यामुळे कुठे काम करायचे हे तिथल्या कॉलेजांना कळले. कोल्हापूरने १८९४ चे ११ आणि १९१२ चे ६० मोजले होते, म्हणून सव्वाशे वर्षांनी आपल्याला त्या धोरणाचा परिणाम सांगता येतो. दहावीनंतरची ६ वर्षे नियमाने वाचवली आहेत. त्या सहांपैकी शेवटची ३ वर्षे कुणाची पदवीत बदलतात आणि कुणाची नाहीत, हे पुढच्या प्रवेशफेरीआधी कोल्हापूरच्या प्रत्येक कॉलेजाने आपल्या सूचनाफलकावर लावावे.